काशीचा गडू

गडूचं तोंड फोडलेलं आहे हे यशोदाबाईंच्या लक्षात आलं ते शुक्रवारी दुपारी साडेतीनला, फुलवातींची डबी शोधताना. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डब्यामागे, तो तांब्याचा गडू सत्तावीस वर्षं एकाच जागी बसून होता. सासूबाईंनी काशीहून दोन आणले होते, दोन्हींची तोंडं झाळून बंद केलेली. एक त्यांच्या स्वतःसाठी उघडला गेला, आणि दुसरा कुणासाठी उघडायचा हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. गंगा माणसाच्या तोंडात कधी घालतात, हे उमेळे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि सोमवारी यशोदाबाईंच्या नवऱ्याचं, नरहरींचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

यशोदाबाई ओरडल्या नाहीत. ओरडायचं काम त्यांनी केव्हाच मुलीवर सोपवलेलं होतं. त्या फक्त मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई गं."

स्वप्नाली, त्यांची मोठी मुलगी, तीन दिवसांपासून विरारहून मदतीला आली होती, म्हणजे सूचना द्यायला आली होती. ती धावत आली. गडू उचलला, हलवला. आत पाणी डुचमळलं.

"अर्धा रिकामा आहे! सलोनी, इकडे ये आधी."

सून सलोनी तांदूळ धुता धुता आली. हातातून पाणी गळत होतं. "उंदीर असेल, ताई."

"उंदीर स्क्रू ड्रायव्हर वापरतो वाटतं?" स्वप्नालीने फळीवरून स्क्रू ड्रायव्हर उचलून तिच्या नाकासमोर धरला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सलोनीची मुलगी पूर्वी बाहेर आली. वय वर्षं नऊ. अंगात पांढराशुभ्र फ्रॉक, एक बाही शिवलेली, दुसरी टाचण्यांवर लटकलेली. रविवारी तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, चर्चमध्ये येशूच्या जेवणाची पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार होती, आणि ती सकाळपासून तो फ्रॉक अंगातून काढायला तयार नव्हती.

"मी उघडला," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"आजोबांना बाप्तिस्मा द्यायला."

असं वाक्य त्या घराच्या चार पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं. अंगणातला पंप तेवढा चालू राहिला.

सलोनीला वाटलं, दहा वर्षं पाण्यात गेली. हातात भरलेली घागर घेऊन ओल्या फरशीवरून चालावं तशी ती दहा वर्षं या घरात चालली होती. लग्न झालं तेव्हा नरहरी म्हणाले होते, "तुमचं तुम्ही बघा," आणि पुन्हा वाडीत केळीला पाणी लावायला गेले होते. यशोदाबाईंची एकच अट होती, माझ्या देव्हाऱ्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. मग सगळं हळूहळू बसत गेलं. नाताळात करंज्या, गणपतीत सलोनीच्या हातचे मोदक. सलोनीच्या ख्रिस्ती माहेरी चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे "देवळात जाऊन येते" म्हटलं की "कुठल्या?" हा यशोदाबाईंचा प्रश्न ठरलेला. त्या थट्टेवर दहा वर्षं निभावली होती. आणि आता पोरीने थेट देव्हाऱ्यातच हात घातला होता.

"फ्रॉक उतरव," स्वप्नाली म्हणाली. "रविवारचं बंद. काही नाही जायचं."

"ताई, तिला कळत नाही हो..."

"तिला नाही कळत, पण शिकवणाऱ्यांना कळतं ना? उद्या गावात झालं ना, की नरहरीला मरायच्या आधी बाटवला, मग बसा! बोलाव तुझ्या मम्मीला. तीच शिकवते ना तिथे रविवारी?"

सलोनीने एक फोन आईला केला आणि एक नवऱ्याला, सिद्धेशला. नवऱ्याच्या फोनवर तिला रडू फुटलं, म्हणून तो आधी पोचला.

*

सलोनीची आई क्लारा गास गावाहून रिक्षाने आली. हातात सुकेळ्यांची, वाळवलेल्या गोड केळ्यांची, पुडी होती. ती तिने दारातच स्वप्नालीच्या हातात दिली आणि मग तिला आठवलं की व्याह्यांना साखर आहे. या गोंधळात कुणी हसलं नाही, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे तिला कळलं.

क्लारा निवृत्त शिक्षिका. बारा वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होती आणि पोरांच्या प्रश्नांना भिणाऱ्यांपैकी ती नव्हती. उलट तिने वर्गात बुटांचं जुनं खोकं ठेवलं होतं, झाकणाला फट पाडून. ज्याला विचारायला लाज वाटते त्याने चिठ्ठी टाकायची. देवाला आई आहे तर आजी का नाही? आमचा टायगर मेला तो कुठे गेला? येशू तिसऱ्या दिवशी उठला तर दुसऱ्या दिवशी काय करत होता? प्रत्येक चिठ्ठीला ती उत्तर द्यायची, आणि उत्तर येत नसेल तर तसं सांगायची. याचा तिला थोडा अभिमानही होता.

मागच्या रविवारची चिठ्ठी तिला रिक्षात बसल्या बसल्याच आठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलेली. "जो माणूस कधीच देवाचं नाव घेत नाही त्याचं तारण होतं का? आणि त्याचं लवकरच ऑपरेशन असेल तर?"

तिने वर्गाला सांगितलं होतं की बाप्तिस्म्याने तारण होतं, स्वर्गाचं दार उघडतं. आणि ऑपरेशनचं विचारलंय म्हणून पुढे हेही सांगितलं, की जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. साधं पाणी चालतं. बाहुलीवर करूनही दाखवलं होतं.

बैठक स्वयंपाकघरात बसली. ओटीवर नरहरी खाटेवर झोपले होते आणि त्यांना त्रास नको, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मधे एक पडदा होता. त्या पडद्याने आवाज अडतो असं त्या घरात सगळे वर्षानुवर्षं धरून चालत.

"कसा दिलास?" क्लाराने नातीला विचारलं.

"तीन वेळा पाणी घातलं कपाळावर. पळीने. पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुम्हाला बाप्तिस्मा देते."

"बरोबर," क्लारा म्हणाली. तोंडातून निघून गेलं. शिक्षिकेची जीभ.

"शाब्बास!" स्वप्नालीने हात जोडले. "मार्क पण द्या तिला."

"आणि पाणी ते का घेतलंस, पूर्वी? मी साधं म्हटलं होतं ना?"

"आजी म्हणते ते जगातलं सगळ्यात चांगलं पाणी आहे. मग आजोबांना साधं कशाला?"

सिद्धेश भिंतीला टेकून उभा होता, बँकेतला ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात. हसू येतंय आणि हसलो तर बहीण आणि बायको दोघी जीव घेतील, हे दोन्ही त्याला कळत होतं. त्याने आईकडे पाहिलं. यशोदाबाई गडू मांडीवर घेऊन पाटावर बसल्या होत्या आणि कुणाकडेच बघत नव्हत्या.

"मला एवढंच सांगा, क्लाराबाई," स्वप्नाली म्हणाली. "बाबा आता ख्रिश्चन झाले की नाही?"

"असं नाही होत. जाणत्या माणसाची स्वतःची इच्छा लागते. त्याने समजून हो म्हटलं पाहिजे. झोपेत कुणी पाणी ओतलं तर ते नुसतं पाणी."

"हां! बाबा झोपलेले होते. मिटलं मग."

"नव्हते झोपलेले," पूर्वी म्हणाली. "मी आधी विचारलं. हो म्हणाले."

सगळे पडद्याकडे बघायला लागले.

*

नरहरी दुपारभर जागेच होते. झोपेचं सोंग त्यांना चांगलं जमायचं, पन्नास वर्षांच्या संसारात ते यावंच लागतं.

त्यांना भीती वाटत होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. सगळे रिपोर्ट विचारत होते. रक्त किती टक्के, डॉक्टर काय म्हणाले, गाडी किती वाजता निघणार. छाती करवतीने उघडणार आहेत, हे मुलाने समजावून सांगितलं तेव्हा ते केळीच्या खुंटाचा विचार करत होते. एकट्या पूर्वीने बुधवारी, बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठी पाय सोडून बसलेली असताना, सरळ विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही मरणार का?" त्यांनी "बघू" म्हटलं होतं.

आता पडदा सरला आणि पाच माणसं खाटेभोवती उभी राहिली. ऑपरेशनआधी भेटायला येतात तशी.

"बाबा," स्वप्नाली म्हणाली, "दुपारी पूर्वी आली तेव्हा तुम्ही झोपलेले होता ना?"

प्रश्न असा विचारलेला होता की उत्तर आतच होतं. हो म्हटलं की झालं. पोरीचा खेळ, नुसतं पाणी, घर शांत, चहा. नरहरींनी तोंड उघडलं आणि त्यांना पूर्वी दिसली, अर्धी बाही हाताने धरून उभी. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला खात्री होती. मेली काय खात्री होती पोरीला त्यांच्याबद्दल! त्यांना स्वतःला तेवढी कधी नव्हती.

"जागा होतो," ते म्हणाले.

"बाबा!"

"जागा होतो तर काय सांगू? ती आली. म्हणाली, आजोबा, माझ्याबरोबर येणार ना? मी म्हटलं, येणार."

"कुठे?" सिद्धेशने विचारलं.

"कुठे म्हणजे? रविवारी. तिच्या देवळात. पोरीला फ्रॉक मिरवायचाय, मी नको का बघायला?"

"आणि पाणी घातलं ते?"

"उकडत होतं. बरं वाटलं."

स्वप्नाली आधी हसली आणि मग डोळे पुसायला लागली. सिद्धेश खाटेच्या कडेवर बसला. क्लाराने सुस्कारा सोडला आणि सांगितलं की मग प्रश्नच नाही, त्यांना काय विचारलंय ते कळलेलंच नव्हतं, हा बाप्तिस्मा लागला नाही. फादरना विचारलं तरी ते हेच सांगतील.

सगळ्यांची सुटका झाली. सगळ्यांची म्हणजे मोठ्यांची.

"लागला नाही?" पूर्वी म्हणाली. "मी स्वर्गात म्हणत होते. स्वर्गात येणार ना." आणि मग ती रडली, तोंड वेडंवाकडं करून, नवीन फ्रॉकला नाक पुसत. "सोमवारी ऑपरेशन आहे! आता परत कधी देणार?"

"परत नाही द्यायचा," सलोनी घाईघाईने म्हणाली.

"मग आजोबांचं तारण कसं होणार? क्लारा आजी, तुम्हीच सांगितलंत!"

क्लारा खाली बसली. गुडघे दुखत होते, तरी जमिनीवर, पोरीच्या तोंडासमोर. वर्गात चाळीस पोरांसमोर हे उत्तर द्यायला तिला काही वाटलं नसतं. इथे व्याही खाटेवर होते, विहीण सरलेल्या पडद्यापलीकडे पाटावर पाठमोरी, आणि तिची स्वतःची मुलगी ओठ चावत उभी होती. तिला वाटलं, मी हे बाहुलीवर करून दाखवायला नको होतं.

"मी अर्धंच शिकवलं गं," ती म्हणाली. "पुढचं राहिलं. ऐक. हे संस्कार देवाने आपल्याला दिलेत. आपण त्यांना बांधलेले आहोत. पण देव त्यांना बांधलेला नाही. ज्याच्यावर पाणी पडलं नाही त्याला देव हाकलून देतो, असं मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी तुला सांगितलं असेल तर ते चुकलं. ज्याने प्रामाणिकपणे आयुष्य काढलं, कुणाचं वाईट केलं नाही, त्याला देव आपल्या रस्त्याने घरी आणतो. कुठल्या रस्त्याने, ते त्याचं तो बघेल."

पूर्वीने नाक ओढलं. तिचं डोकं चालायला लागलं होतं, ते क्लाराला दिसत होतं आणि त्याची तिला धास्तीही वाटत होती.

"मग मला कशाला पाहिजे ते? रविवारचं?"

"घ्या," स्वप्नाली पुटपुटली.

"तू बाबाच्या घरी का राहतेस? भाडं देतेस म्हणून?" क्लाराने विचारलं.

"नाही. बाबा आहे म्हणून."

"तसंच. तुला देवाची ओळख झाली म्हणून तू जातेस त्याच्याकडे जेवायला. ज्यांना ती ओळख नाही त्यांना तो उपाशी ठेवतो, असं थोडंच आहे?"

"पण मला नक्की माहीत पाहिजे."

"मलाही," क्लारा म्हणाली. "पासष्ट वर्षं झाली."

नरहरी खाटेवरून म्हणाले, "मी येणार म्हटलंय ना रविवारी? मग तिथे बसल्यावर मीच विचारतो त्याला. तू रडू नको, बाय."

पूर्वी हसली नाही, पण रडणं थांबलं. राहता राहिला रविवार. स्वप्नालीचं म्हणणं आता एवढंच होतं की निदान पुढे ढकला, बाबांचं ऑपरेशन होऊ दे. सलोनी म्हणाली, पुढे म्हणजे पुढच्या वर्षी. सिद्धेशने दोघींकडे पाहिलं आणि नेहमीचा, सगळ्यात सोपा रस्ता धरला.

"आई म्हणेल तसं," तो म्हणाला. "गडू तिचा होता."

पण यशोदाबाई पाटावर नव्हत्याच. कधी उठून आत गेल्या ते कुणालाच कळलं नव्हतं.

"जा," सलोनीने मुलीला सांगितलं. "आजीच्या पाया पड. चुकले म्हण. आणि ती म्हणेल ते ऐकायचं. रविवारी नाही म्हणाली तर नाही."

*

यशोदाबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. गडू पुढे. त्यांनी बोटाने कडेची झाळ चाचपून पाहिली. खरबरीत लागली. पुन्हा झाळायला कोण बसलंय हल्ली?

लोकांना वाटत होतं, अपशकुनाचा राग आला. आलाच होता. पण तो साडेतीन ते चारपर्यंत. त्यानंतर जे आलं ते त्यांना कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. एकोणपन्नास वर्षं त्यांनी वडाला दोरा गुंडाळला होता. सात जन्म हाच नवरा मागितला होता. तसं मागावं असं त्यांनी फार काही केलं होतं अशातला भाग नाही, पण मागितला होता. कधी उपास मोडला नाही. आणि आज या पोरीने त्यांचा नवरा परस्पर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला होता, आपल्या आजीला विचारलंसुद्धा नाही. विहीण म्हणाली, लागला नाही. तरी पोरीच्या मनात तर होतं. पोरीने तिच्या त्या स्वर्गात आजोबांची जागा धरली होती. आजीची नाही.

पूर्वी येऊन पाया पडली. "चुकले. परत गडूला हात नाही लावणार."

"हं."

"आई म्हणाली, तुम्ही म्हणाल तर रविवारी नाही जाणार मी."

यशोदाबाईंनी गडू जरा जवळ ओढला. पूर्वी तिथेच बसून राहिली, टाचण्या टोचत होत्या म्हणून हात लांब धरून.

"मला एक सांग," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज त्यांना हवा तेवढा कडक निघाला नाही. "आजोबांना विचारलंस, येणार का म्हणून. मला का नाही विचारलंस? मी कुणी नाही का तुझी?"

पूर्वीने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, असं.

"तुम्ही तर असणारच ना तिथे," ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी देवाशी बोलता. संध्याकाळी पण बोलता. आजोबाच कधी हातसुद्धा जोडत नाहीत. आणि तुम्ही नेहमी म्हणता, मी यांच्या आधी जाणार. मग तुम्ही तिथे जाणार, आणि आजोबा आलेच नाहीत तर?" ती आजीच्या जवळ सरकली. "तुम्ही एकट्या काय करणार तिकडे? म्हणून दिला."

यशोदाबाईंनी गडूकडे पाहिलं. मग पदराने डोळे टिपले, नाक पुसलं, आणि मग तोच पदर गडूच्या कडेवरून फिरवला. अंगणातल्या केळीच्या पानाचा एक तुकडा देव्हाऱ्यात सकाळच्या फुलांखाली होता. तो त्यांनी गडूच्या तोंडावर ठेवला, वरून दोरा गुंडाळला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि गाठ मारली. गडू पुन्हा हळदीकुंकवाच्या डब्यामागे गेला.

"सुईदोरा आण," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"कशाला काय? अशी लोंबती बाही घेऊन जाणार आहेस देवळात?"

"कुठल्या?" पूर्वीने विचारलं, घरातल्या सवयीने.

"रविवारी आपण जाणार आहोत त्या," यशोदाबाई म्हणाल्या. "उभी राहा नीट. हलू नको, टोचेल."